गोठा मोजायचा की गाय? दोन विषयांत विभागलेल्या एका पीएचडीचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून माणसं, जागा आणि काही तपशील बदलले आहेत. मी या विद्यार्थिनीच्या संशोधन समितीत तिसरा सदस्य होतो. दोन्ही गाइडपैकी कुणाच्याच विभागातला नव्हतो.)

पार्श्वभूमी

सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झालेली एक विद्यार्थिनी दुभत्या गाईंमधल्या अँटिबायोटिक वापरावर पीएचडी करत होती. सूक्ष्मजीवशास्त्राचे सर मुख्य गाइड, अर्थशास्त्राच्या मॅडम सहगाइड. निधी एक, लॅब एक, आणि कागदावर तरी प्रश्नही एकच.

गाईला सौम्य कासदाह (कासेला संसर्गाने येणारी सूज) झाला की बरेच पशुपालक लगेच कासेत अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. वाट पाहण्यात धोका वाटतो. दूध घटतं, गाय हातची जाईल अशी भीती असते. पण अशा गाईंच्या दुधाची तपासणी केली तर बऱ्याच नमुन्यांत जिवाणू वाढतच नाहीत. ग्राम-ऋण म्हणवल्या जाणाऱ्या गटातल्या जिवाणूंमुळे आलेला सौम्य कासदाह तर अनेकदा औषधाशिवायच उतरतो. गोठ्यातच जिवाणू वाढवायच्या एका छोट्या प्लेटवर दूध पसरून एक दिवस उबदार जागी ठेवलं, तर ट्यूब कुणाला हवी आणि कुणाला नको याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. म्हणजे एका दिवसाची वाट आणि त्या बदल्यात माहिती, असा हा व्यवहार.

ठरलं असं की सोडत काढून निम्म्या गोठ्यांना या तपासणीचं किट आणि प्रशिक्षण द्यायचं, उरलेल्यांना नंतर. मग दोन गोष्टी पाहायच्या. ट्यूबांचा वापर घटतो का? आणि गाईंच्या शेणातल्या ई. कोलाय जिवाणूंपैकी तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनला (अँटिबायोटिकांचा एक गट) दाद न देणाऱ्यांचं प्रमाण उतरतं का? पहिला प्रश्न पशुपालकाच्या निर्णयाचा, म्हणजे अर्थशास्त्राचा. दुसरा जिवाणूंचा. दोन्ही प्रश्न एकाच प्रयोगातून सुटतील ही कल्पना सगळ्यांना आवडली होती, आणि त्या आवडीच्या भरात एक साधी गोष्ट कुणी विचारली नाही: या प्रबंधात 'एक निरीक्षण' म्हणजे नेमकं काय? गोठा, गाय, की प्लेटवरची एक कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा एक ठिपका?

अडचण

पहिलं वर्ष संपताना नमुन्यांचा आराखडा समितीपुढे आला आणि तिथे गाडं अडलं. लॅब एका फेरीत शेणाचे ४०० नमुने हाताळू शकत होती. प्रत्येक नमुन्याला दोन प्रकारच्या प्लेट लागणार, एक साधी आणि एक अँटिबायोटिक घातलेली. शिवाय प्रत्येकीसाठी नमुना कमीजास्त पातळ करून घ्यायचा. त्यामुळे ४०० ही वरची हद्दच.

सरांना हवे होते २० गोठे आणि प्रत्येकी २० गाई. एकाच गोठ्यात तोच स्ट्रेन (जिवाणूचा उपप्रकार) गाईगाईंमध्ये पसरतोय, की प्रतिकाराचं जनुक वाहणारं प्लाझ्मिड (जिवाणूंमध्ये देवाणघेवाण होणारा डीएनएचा छोटा तुकडा) या स्ट्रेनवरून त्या स्ट्रेनवर उड्या मारतंय, हे कळायला गोठ्याच्या आत खोल जावं लागतं. मॅडमना हवे होते ८० गोठे आणि प्रत्येकी ५ गाई. किट गोठ्याला मिळतं, ट्यूब वापरायची की नाही हे मालक ठरवतो, म्हणजे तुलना गोठ्यागोठ्यांतच व्हायला हवी.

बैठकीत आवाज चढले नाहीत, पण दोघांच्याही बोलण्यात एक सूर होता: समोरच्याला आपल्या विषयाचं काम म्हणजे जोडकाम वाटतंय. सर म्हणाले, "पाच गाईंत जीवशास्त्र काय दिसणार?" मॅडम म्हणाल्या, "वीस गोठ्यांत सोडत काढून उपयोग काय?" विद्यार्थिनी मधे बसून दोघांचंही लिहून घेत होती.

कोंडी फोडली ती तिनेच. उठून तिने फळ्यावर एक छोटं सूत्र लिहिलं: १ + (m − १) × ρ. m म्हणजे एका गोठ्यातल्या गाई, ρ म्हणजे एकाच गोठ्यातल्या गाई एकमेकींशी किती मिळत्याजुळत्या आहेत. ρ ०.२ धरला तर २० गाईंच्या आराखड्यात हा आकडा ४.८ येतो, त्याने ४०० ला भागलं की कळतं, ४०० नमुन्यांचं वजन जेमतेम ८३ स्वतंत्र नमुन्यांइतकं. ५ गाईंच्या आराखड्यात आकडा १.८, आणि तेच ४०० नमुने सुमारे २२२ च्या तोलाचे. सरांनी लगेच विचारलं, ०.२ कशावरून? प्रश्न रास्त होता, पण ρ कमी धरला तरी कल तोच राहतो.

मला गंमत वाटली ती पुढच्या पाच मिनिटांची. सर म्हणाले, हे तर आमच्याकडे जुनंच आहे, खोटी पुनरावृत्ती. स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसंस्था-शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये त्यावर सडकून लिहिलं होतं: एकाच तळ्यातले दहा नमुने म्हणजे दहा तळी नव्हेत. मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे ब्रेंट मोल्टन यांनी १९९० मध्ये हेच दाखवलं. गटाच्या पातळीवरचा घटक व्यक्तीच्या पातळीवरच्या आकड्यांशी जोडला आणि गटातलं साम्य हिशोबात घेतलं नाही, तर निष्कर्ष आहेत त्याहून कितीतरी पक्के दिसतात. दोघांनाही एकच चूक आपापल्या घरातून ठाऊक होती, आणि समोरच्याला ती ठाऊक नाही असं दोघंही धरून चालले होते. माझ्या मते प्रकरणाला खरं वळण इथे मिळालं. आकड्यांनी वाद मिटला नाही, पण वाद कशावर आहे ते स्पष्ट झालं.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय होता गोठे वाटून घेण्याचा: काही सरांच्या कामाला, काही मॅडमच्या. दोघेही खूश झाले असते, पण प्रबंधाचा एकच प्रश्न होता तो मोडला असता. मग दोन विभागांची गरजच काय होती?

फक्त ८० × ५ घ्यायचं, हा दुसरा पर्याय. याने तुलना बळकट झाली असती, पण 'प्रमाण बदललं नाही तर का बदललं नाही' याचं उत्तर हाती लागलं नसतं. फक्त २० × २० घेतलं असतं तर उलटी गत. मालकाच्या निर्णयाबद्दल छातीठोकपणे काहीच म्हणता आलं नसतं, आणि अर्थशास्त्राच्या परीक्षकाने पहिल्याच पानावर पेन ठेवलं असतं.

चौथा पर्याय तिने स्वतः आणला. सगळ्या ८० गोठ्यांतून प्रत्येकी एकच एकत्रित नमुना घ्यायचा, म्हणजे गोठ्यातल्या वेगवेगळ्या जागचं ताजं शेण एकत्र कालवून. हे झाले ८०. उरलेल्या ३२० नमुन्यांत १६ गोठे खोलात जाऊन पाहायचे, प्रत्येकी २० गाई. बेरीज बरोबर ४००. एकत्रित नमुन्यात कुठल्या गाईकडून काय आलं ते हरवतं, हा तोटा मान्य. पण तुलनेसाठी गोठा हेच एकक असेल, तर गाईचं नाव हरवल्याने तुलनेचं काही बिघडत नाही.

काय ठरलं, आणि कुठे अडलं

चौथा पर्याय मान्य झाला. लगेच पुढचा प्रश्न आला: १६ गोठे कोणते? सरांना जिथे प्रतिकार जास्त दिसेल ते हवे होते. तिथे पाहायला जास्त मिळतं, हे खरंच. मॅडमचा आक्षेप असा की आधी निकाल पाहून गोठे निवडले, तर नंतर त्यांच्याबद्दल जे म्हणू ते फक्त त्यांच्यापुरतं राहील. शिवाय ज्यांचे आकडे पहिल्या मोजणीत टोकाचे येतात, ते दुसऱ्या फेरीत आपसूक सरासरीकडे सरकतात. तो उतार किटचा परिणाम समजला जाण्याचा धोका होता. शेवटी सोडतीच्या दोन्ही बाजूंमधून आठ-आठ गोठे चिठ्ठी टाकूनच निवडले, तेही एकही प्लेट उघडण्याआधी. आठ विरुद्ध आठ अशी तुलना करायची नाही, हेही त्याच दिवशी लिहून ठेवलं. सरांनी हे मान्य केलं याचं श्रेय त्यांना द्यायला हवं, कारण त्यांच्या बाजूने ते नुकसानच होतं.

सराव फेरीत दोन गोष्टी बाहेर आल्या.

पहिली बारीक होती, पण जीवघेणी ठरली असती. प्रश्नावली टॅब्लेटवर भरली जायची आणि ॲप भेटीच्या क्रमाने गोठ्याला क्रमांक द्यायचं. लॅबमध्ये शेणाच्या नमुन्यांच्या ट्यूबा ज्या क्रमाने पोचायच्या त्या क्रमाने क्रमांक पडायचे. दोन्ही जोडणारी यादी फक्त तिच्या वहीत होती. एकदा दोन गोठ्यांच्या ट्यूबा उलटसुलट झाल्या आणि ते कळलं केवळ योगायोगाने: एका गोठ्यात पाचच गाई होत्या आणि नमुने आले होते आठ गाईंचे. त्यानंतर छापील बारकोडाचा एकच संच केला. एक चिकटपट्टी प्रश्नावलीवर, तीच ट्यूबवर, तीच फ्रीजरच्या डबीवर. अशा दुहेरी कामात मी सगळ्यात आधी हेच विचारतो: दोन डेटासेट कशाने जोडले जाणार? सिद्धांताच्या चर्चेत सहा महिने जातात आणि जोडणी वहीवर सोडलेली असते.

दुसरी गोष्ट मोठी होती. काय मोजायचं आणि कसं तपासायचं हे आधीच जाहीर नोंदवलेल्या विश्लेषण-आराखड्यात मुख्य निष्पत्ती अशी लिहिली होती: गोठ्यात प्रतिकारक जिवाणू 'आढळले / आढळले नाहीत'. सराव फेरीत जवळपास प्रत्येक एकत्रित नमुन्यात ते आढळले. जे सगळीकडेच आहे ते घटलं की नाही, हे 'हो किंवा नाही' मधून दिसणार नाही. किटने कितीही फरक पाडला असता तरी आकडा छताला टेकलेलाच राहिला असता. उपाय लॅबमध्येच होता. अँटिबायोटिकवाल्या प्लेटवरच्या कॉलनी भागिले साध्या प्लेटवरच्या कॉलनी, म्हणजे प्रमाण. प्लेट तर दोन्ही लावल्याच जात होत्या.

पण आराखडा आधीच नोंदवलेला. अर्थशास्त्रात अशा नोंदणीची शिस्त त्या मानाने अलीकडची. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची प्रयोग-नोंदवही २०१३ पासूनची आहे. तिथे बदलाकडे लोक संशयाने पाहतात, आणि ते बरोबरही आहे. मॅडम बदलायला कचरत होत्या. निर्णय असा झाला की सोडतीचा निकाल अजून उघडलेला नाही तोवरच दुरुस्ती करायची, तारखेसह कारण लिहायचं, आणि जुनी निष्पत्तीही प्रबंधात दाखवायची. नंतर व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) यावर प्रश्न आलाच. उत्तर एका वाक्यात देता आलं, कारण कागद तयार होता.

लेखकांच्या क्रमाचं त्रांगडं

जीवशास्त्रात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. अर्थशास्त्रात बहुधा आडनावांच्या वर्णानुक्रमाने. विद्यार्थिनीचं आडनाव यादीत शेवटी येत होतं. म्हणजे अर्थशास्त्राच्या पेपरमध्ये तिचं नाव आपोआप शेवटी जाणार, आणि जीवशास्त्रातला वाचक तिला लॅबप्रमुख समजणार!

(जाता जाता: या दोन विषयांच्या सीमेवर लेखकत्वाचा एक जुना घोळही आहे. आज अर्थशास्त्रात सर्रास वापरली जाणारी 'इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल' ही कार्यकारणसंबंध शोधायची संख्याशास्त्रीय पद्धत पहिल्यांदा फिलिप राइट यांच्या १९२८ मधल्या पुस्तकाच्या पुरवणीत दिसते. त्यांचा मुलगा सिवल राइट हा नावाजलेला आनुवंशशास्त्रज्ञ. पुरवणी बापाने लिहिली की लेकाने, यावर अर्थशास्त्रज्ञ बरीच वर्षं वाद घालत होते. २००३ मध्ये लेखनशैलीच्या संख्याशास्त्रीय तपासणीतून कौल बापाच्या बाजूने गेला.)

इथे तोडगा असा निघाला. ज्या विषयाच्या नियतकालिकात पेपर जाणार तिथली रीत पाळायची, आणि प्रत्येक पेपरमध्ये कोणी काय केलं हे क्रेडिट या १४ भूमिकांच्या यादीप्रमाणे लिहायचं. हे दोन परिच्छेदांचं पत्र करून तिघांनी सह्या केल्या. त्यात एक ओळ मॅडमच्या आग्रहाने आली आणि ती सगळ्यात कामाची ठरली: जिवाणूंचं वर्णन करणारा पहिला पेपर आधी छापायला हरकत नाही, मात्र त्यात दोन बाजूंची तुलना येणार नाही.

विकलेल्या गाई

दुसऱ्या फेरीत खोल पाहिलेल्या गोठ्यांतल्या बऱ्याच गाई जागेवर नव्हत्या. विकल्या गेल्या होत्या. लॅबच्या नजरेतून हे निव्वळ गहाळ नमुने. तिने सुरुवातीला तसंच लिहिलं: 'उपलब्ध नाही'. मॅडमनी विचारलं, कोणत्या गाई विकल्या गेल्या? पाहिलं तर वारंवार कासदाह होणाऱ्या गाई जास्त होत्या. ज्या गाईला सगळ्यात जास्त ट्यूबा गेल्या असत्या तीच डेटातून बाहेर पडत होती, आणि शेणातलं प्रमाण त्यामुळेही बदलू शकत होतं. किट हाती आल्यावर मालकाला 'ही गाय बरी होणार नाही' हे लवकर कळलं आणि त्याने ती लवकर विकली, असंही शक्य होतं. म्हणजे जे लॅबला गळती वाटत होतं, ते अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रयोगाचं फलितच होतं.

तिने परत जाऊन मालकांना गाय कधी आणि का विकली ते विचारलं. आठवणीवर आधारलेली माहिती ही, कच्चीच. तरी प्रबंधातलं सगळ्यात वाचनीय प्रकरण यातून झालं असं माझं मत आहे. आणि खरोखर दोन विषयांचं म्हणावं असं तेच एक.

निष्पत्ती

किट मिळालेल्या गोठ्यांत ट्यूबांचा वापर स्पष्टपणे घटला. प्रतिकारक जिवाणूंच्या प्रमाणात दोन्ही बाजूंमध्ये ठाम फरक दिसला नाही. विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) इतकी रुंद होती की माफक घटही तिच्यात बसत होती आणि किंचित वाढही.

पहिली प्रतिक्रिया निराशेची. मॅडमना 'काहीच परिणाम नाही' हा पेपर विकणं अवघड वाटत होतं. सरांना मात्र यात नवल वाटलं नाही. औषधाचा दाब कमी झाला म्हणून प्रतिकार लगेच मागे हटतो असं नाही. जनुक बाळगण्याची किंमत जिवाणूला फारशी पडत नसेल, किंवा त्याच प्लाझ्मिडवर दुसऱ्या औषधाविरुद्धचं जनुक असेल, तर ते टिकून राहतं. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात माणसांसाठी सल्फोनामाइड हे जिवाणूविरोधी औषध लिहून देणं जवळपास थांबलं, तरी दशकाच्या अखेरीस ई. कोलायमधला सल्फोनामाइड-प्रतिकार उतरलेला नव्हता. १६ गोठ्यांतल्या खोल नमुन्यांनी इथे काम केलं. प्रतिकाराचं जनुक अनेक वेगळ्या स्ट्रेनमध्ये सापडत होतं आणि सोबत इतर औषधांविरुद्धची जनुकंही होती. तुलनेच्या आकड्याला त्यामुळे अर्थ आला. फक्त ८० × ५ केलं असतं तर प्रबंध 'फरक दिसला नाही' या वाक्यावर संपला असता.

अर्थशास्त्राचं प्रकरणही यामुळे बदललं. मूळ हिशोबात ट्यूब वाचली की समाजाचा फायदा लगेच धरला होता. तो काढून टाकावा लागला. उरला तो मालकाचा स्वतःचा हिशोब: ट्यूबचा खर्च, औषध दिल्यावर जितके दिवस दूध विकता येत नाही त्याचं नुकसान, आणि दुसऱ्या बाजूला एक दिवस थांबण्याचा धोका. एवढ्यावरही किट परवडतं असं निघालं. मला हा निष्कर्ष मूळच्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो.

प्रबंध तीन पेपर आणि एका जोड-प्रकरणाच्या रूपात सादर झाला. ठरल्यापेक्षा उशिरा, पण मुदतवाढीच्या आत. दोन परीक्षकांपैकी एकाने जास्त सिक्वेन्सिंग (जिवाणूंच्या डीएनएचं वाचन) का नाही ते विचारलं, दुसऱ्याने जास्त गोठे का नाहीत ते. अपेक्षित होतंच.

काय वेगळं करता आलं असतं

एककाचा प्रश्न सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर हवा होता. पहिल्या वर्षाच्या अखेरीस तो सुटला हे नशीब. नमुने गोळा झाल्यावर सुटला नसता.

सुरुवातीची फेरी सविस्तर घेण्याऐवजी तिथे फक्त ८० एकत्रित नमुने घेऊन, वाचलेली ताकद शेवटी आणखी एका उशिराच्या फेरीला देता आली असती. प्रतिकार सावकाश हटतो हे सरांना आधीपासून ठाऊक होतं, पण पाठपुराव्याचा कालावधी ठरला तो निधीच्या वेळापत्रकावरून. त्या बैठकीत हे कुणीतरी ठणकावून म्हणायला हवं होतं.

प्रत्येक गाईचा कानातला बिल्ला आणि विक्रीची नोंद पहिल्या दिवसापासून प्रश्नावलीत हवी होती. तिला अर्थशास्त्राचा एखादा कोर्स पहिल्याच सत्रात करायला लावला असता तर 'उपलब्ध नाही' असं तिने लिहिलंच नसतं, असं मॅडमचं म्हणणं. मला ते तितकंसं पटत नाही. कोर्सने तो प्रश्न सुचतो असं नाही. लॅबच्या डेटाची फाइल मॅडमनी पहिल्या फेरीलाच उघडून पाहिली असती तर सुचला असता.

आणि फ्रीजर. उणे ८० अंशांत ग्लिसरॉलमध्ये वेगळे केलेले जिवाणू ठेवले गेले, पण जागा नाही म्हणून एकत्रित शेणाचे मूळ नमुने टाकून दिले. नंतर सगळ्या जिवाणूंच्या डीएनएची एकगठ्ठा तपासणी करावी असं वाटलं, तेव्हा हातात फक्त प्लेटवर वाढलेलं तेवढंच उरलं होतं. याच गोठ्यांवर पुढचं काम घेणाऱ्या विद्यार्थ्याने नमुन्यांच्या आराखड्याआधी फ्रीजरचा आराखडा केला आहे. प्रत्येक गोठ्याच्या दोन डब्या, प्रत्येक फेरीला, बारकोडासकट.